एकशे चाळिसावी स्लिप

स्लिपबाईंचा उजवा पाय कधी थांबत नसे. टेबलाखाली तो शिलाई मशीन चालवल्यासारखा हलत राही, आणि त्याच्याबरोबर टेबलावरचा पेनांचा डबा, डब्यातली पेनं आणि समोर बसलेल्या माणसाचा चहा, सगळंच बारीक थरथरत असे. नव्याने बदलून आलेल्या माणसाला वाटे, खाली कुठेतरी जनरेटर आहे. शिपाईमामा मग त्याला बाजूला घेऊन सांगत, "जनरेटर नाही, मॅडम आहेत. पाच तारीख जवळ आली की जोर वाढतो."

हे नाव त्यांना पाळणाघरवाल्या बायकांनी ठेवलं होतं. एका बाईने फोन बंद करायचा विसरून नवऱ्याला सांगितलं होतं, "काही नाही हो, स्लिपबाई होत्या. चावून गेल्या." बाईंनी ते पलीकडून नीट ऐकलं, आणि रागावण्याऐवजी त्यांना जरासं बरंच वाटलं. आपल्याला नाव ठेवण्याइतपत लोक आपल्याला मोजतात, असं काहीतरी.

काम असं. नोंदणी झालेली एकशे चाळीस पाळणाघरं, आणि त्या सगळ्यांना महिन्याच्या एक तारखेला बाईंचं माहितीपत्रक जाई. पाठपोट एक कागद. कुठल्या लसी कधी, ताप कितीच्या वर गेला तर काय, पाळण्याच्या कड्या कशा तपासायच्या, मूल घाबरलेलं किंवा अंगावर खुणा असलेलं दिसलं तर काय करायचं, काय करायचं नाही, कोणाला फोन करायचा. शिवाय सांभाळणाऱ्या बायकांचीच पाठ धरली, मन थकलं, तर त्यांनी कुठे जायचं. सगळ्यात खाली टिंबटिंब रेघ आणि तिच्याखाली ती स्लिप: 'वरील मजकूर वाचला व समजला. सही.' ती फाडून पाच तारखेच्या आत ऑफिसात. न आली तर सहा तारखेला सकाळी दहाला बाईंचा फोन.

बाईंच्या घरीसुद्धा ते वाक्य रुळलं होतं. सामानाची यादी हातात दिली की नवरा म्हणे, "वाचला व समजला," आणि साबण विसरून येई.

पण हे पत्रक काही साहेबांच्या डोक्यातून निघालेलं नव्हतं. ऑफिसात लागण्याआधी बाईंनी स्वतः अकरा वर्षं दोन खोल्यांत पाळणाघर चालवलं होतं. एका दुपारी दीड वर्षांच्या एका पोराला ताप चढून झटका आला. हातपाय ताठ, डोळे वर. चमचा घाला, असं कोणीतरी ओरडलं म्हणून बाईंनी त्याच्या तोंडात चमचा घातला, आणि मग चमचा हातात धरून त्या दारात उभ्या राहिल्या, कारण फोन कोणाला करायचा हेच ठाऊक नव्हतं. पोर वाचलं. तोंडात काहीही घालायचं नसतं, कुशीवर वळवायचं असतं, हे त्यांना दुसऱ्या दिवशी डॉक्टरकडून कळलं. त्या दिवसापासून तो पाय हलायला लागला असं त्यांचा नवरा म्हणतो. नोकरी लागल्यावर पहिल्याच महिन्यात त्यांनी पहिलं पत्रक स्वतः लिहिलं. विषय: ताप आणि झटका. चमचा नको, हे तीनदा.

स्लिप नंतर आली. साहेबांनी विचारलं होतं, लोक वाचतात याला पुरावा काय. बाईंनी टिंबटिंब रेघ ओढली. पुढच्या महिन्यात साहेबांनी भिंतीवर तक्ता लावला, टक्क्यांचा. आणि हळूहळू, कुणाच्या लक्षात न येता, वरचा कागद कशासाठी आहे हे मागे पडलं आणि खालची दोन बोटांची पट्टी तेवढी उरली. पूर्वी बाई महिन्याला आठ-दहा पाळणाघरं पायी फिरत. मग फोन सोपा पडायला लागला. चार वर्षांत त्या एकाही उंबऱ्यात गेल्या नव्हत्या. उंटावरून शेळ्या हाकायच्या, तसं.

एक मात्र खरं: फोनवरून त्या एकशे चाळीस जणींना ओळखत. कोण खोकून मग हॅलो म्हणते, कोणाच्या घरी कुकरची तिसरी शिटी मोजत बोलणं चालतं, कोण "अहो तेच" म्हणून प्रत्येक वाक्य सुरू करते आणि "ते" काय हे कधीच सांगत नाही. बंगल्यातल्या मॅडम म्हणून एक होत्या, त्या तर फोनची वेळच येऊ देत नसत. वर्षाच्या सुरुवातीलाच त्यांनी जुन्या स्लिपेच्या बारा झेरॉक्स काढून, सह्या करून पाकिटात घालून पाठवल्या. वर चिठ्ठी: 'एकदमच देऊन टाकते, तुमची दगदग नको.' आणि बाईंनी, हे त्यांना नंतर आठवलं की कानशिलं तापत, त्या बारा स्लिपा बारा महिन्यांच्या फायलींत नीट लावून ठेवल्या होत्या. अजून न लिहिलेलं पत्रक आधीच वाचलेलं आणि समजलेलं होतं.

गेलं वर्षभर तर एकशे एकोणचाळीस स्लिपा दर महिन्याला वेळेवर. एक नाही. ती एक टाकीजवळच्या मावशींची. बिल्डिंगच्या मागच्या अंगाला, तळमजल्यावर, पाण्याच्या टाकीला चिकटून त्यांची खोली; म्हणून ते नाव. त्यांची स्लिप कधी बाराला येई, कधी वीसला, कधी पुढचं पत्रक निघालं तरी येतच नसे. दर सहा तारखेला फोन. दर वेळी मागे कसलीतरी घरघर, आणि बाई ओरडत, "आवाज येत नाही, जरा तिथून लांब व्हा. स्लिपचं काय झालं? तुमच्या एकटीमुळे माझा तक्ता अडलाय." पलीकडून मावशी हळू म्हणत, "देते हो. व्हायचंय अजून." काय व्हायचंय हे बाईंनी कधी विचारलं नाही.

एकोणीस तारखेच्या मंगळवारी, सकाळी अकराच्या सुमाराला, बाई पुढच्या महिन्याचं पत्रक जुळवत होत्या. मुलांच्या मदतकेंद्राचा नंबर बदलला होता. जुना बंद, नवा सुरू. ते पत्र समोर होतं. शेजारी या महिन्याचं छापून गेलेलं पत्रक होतं. पत्रात शेवटी चौसष्ट. पत्रकात शेचाळीस.

त्यांनी पुन्हा पाहिलं. चष्मा काढून पाहिलं, घालून पाहिलं. शेचाळीस.

एकोणीस दिवस. एकशे एकोणचाळीस सह्या. एकीनेही कळवलं नव्हतं की बाई, हा नंबर लागत नाही. म्हणजे कोणाला गरज पडली नाही? की कोणी वाचलंच नाही? की कोणीतरी वाचलं, गरजही पडली, फोनही केला, आणि पलीकडे भलतंच कोणीतरी होतं? पहिल्या दोन्हींत लाज होती. तिसऱ्यात एक मूल होतं.

त्यांनी आधी मोबाइलवरच्या ग्रुपवर खरा नंबर टाकला. 'मागचा नंबर चुकीचा. हा बरोबर. कोणी त्या नंबरवर फोन केला असल्यास मला ताबडतोब कळवा.' वीस मिनिटांत एकशे बावीस जणींनी अंगठा दाखवला. एकीने नमस्कार केला. एकीने गुलाब पाठवला. पालथ्या घड्यावर पाणी, तेसुद्धा फुलांसकट.

मग त्या साहेबांकडे गेल्या. साहेबांनी विचारलं, तक्रार आली का कोणाची. नाही म्हटल्यावर त्यांचा चेहरा मोकळा झाला. मग पुढच्या अंकात शुद्धिपत्रक टाका, चौकटीत टाका हवं तर, असं त्यांचं म्हणणं पडलं. उगाच आपणच बोंब मारून चूक जगाला कशाला दाखवायची. बाईंनी विचारलं, पुढचा अंक निघेपर्यंत बारा दिवस आहेत, तोपर्यंत कोणी फोन केला तर? साहेब म्हणाले, इतके दिवस कोणी केला नाही तो आता बारा दिवसांत करणार आहे का. वरातीमागून घोडं कसं नेतात हे साहेबांकडून शिकावं. घोड्याला वेळेचं भान असतं, साहेबांना नाही.

जागेवर आल्यावर बाईंना बसवेना. खिडकी उघडली, लावली. पाणी प्यायल्या, ग्लास रिकामा आहे का ते पुन्हा पाहिलं. शेवटी उभ्याउभ्याच फोन उचलला आणि तो चुकीचा नंबर, शेवटी शेचाळीस, स्वतःच लावला.

दोन घंट्यांत उचलला गेला. "बोला. मोटर की पंप?"

पंप दुरुस्तीचं दुकान. आवाज वयस्क, मागे हातोडीची ठकठक. बाईंनी एका दमात सांगितलं: त्या कुठून बोलतात, नंबर कसा चुकून छापला गेला, आणि गेल्या तीन आठवड्यांत कोणी लहान मुलाबद्दल काही सांगायला फोन केला होता का. पलीकडे हातोडी थांबली.

"म्हणजे तुम्हीच का त्या," पंपवाले म्हणाले. किती दिवस दारात काठी घेऊन बसलेल्या माणसाला चोर सापडावा आणि तो चोर ओळखीचा निघावा, असा तो सूर होता.

मग त्यांनी जे सांगितलं ते असं. एका बाईचा फोन आला होता, गेल्या आठवड्यात, सोमवारी. आधी विचारलं, जेवणाच्या वेळेत त्रास देत नाही ना. मग म्हणाली एका मुलीबद्दल बोलायचंय. त्यांनी रॉंग नंबर सांगून ठेवून दिला. मंगळवारी परत. या खेपेला तिने कागदावरचा नंबर एकेक आकडा वाचून दाखवला. "सगळे आकडे बरोबर होते, मॅडम. मी म्हणालो, बाई, नंबर बरोबर आहे, माणूस चुकीचा आहे." शुक्रवारी तिसऱ्यांदा. तेव्हा ती म्हणाली की कागदावर हाच नंबर आहे, तेव्हा तुम्ही निदान ऐकून तरी घ्या. आणि तिने सगळं सांगितलं. तीन वर्षांची मुलगी, दिवसभर तोंडाचा पट्टा चालू असणारी, तीन आठवड्यांपासून गप्प आहे. कोणी हात वर केला की अंग चोरते. दंडावर बोटांएवढ्या खुणा दोनदा दिसल्या. मी काय करू, असं विचारलं.

"मी पंप खोलतो हो. मी तिला काय सांगणार? म्हणालो पोलिसांत जा. ती म्हणाली, तसं केलं आणि आईने मुलीला काढून नेलं तर माझ्या डोळ्यांसमोरूनही जाईल पोर. मग तिनेच मला सॉरी म्हटलं आणि फोन ठेवला. तेव्हापासून माझं कशात चित्त नाही. काल एका गिऱ्हाइकाचा पंप उलटा बसवला."

नाव? सांगितलं नाही. फोन नंबर? दुकानात जुना लँडलाइन, त्यावर काही दिसत नाही. आवाज कसा होता? आवाजासारखा आवाज, म्हातारा, हळू. एकशे चाळिसातल्या साठ जणी तशाच. बाईंचा पाय असा उडत होता की शिपाईमामांनी येऊन पेनांचा डबा उचलून खिडकीत ठेवला.

"पण एक सांगतो," पंपवाले म्हणाले. "तिच्याकडे मोटर आहे. अगदी शेजारी, भिंतीपलीकडे. बेअरिंग गेलंय तिचं. मी बोललोसुद्धा, बाई, ते राहू दे, पण तुमची मोटर आठवडाभरात बसणार. असा आवाज येत होता." आणि त्या माणसाने, भर दुकानात, गिऱ्हाइकांसमोर, मनापासून तो आवाज काढून दाखवला. "घर्रर्र... घर्रर्र... घर्रर्र... टक्. मग जरा थांबणार. परत घर्रर्र... घर्रर्र... टक्."

बाईंचा पाय थांबला.

शिपाईमामांनी दचकून टेबलाखाली पाहिलं.

तो टक् त्यांनी वर्षभर ऐकला होता. दर महिन्याच्या सहा तारखेला, सकाळी दहा वाजता. 'आवाज येत नाही, जरा तिथून लांब व्हा.' घर्रर्र, घर्रर्र, टक्. स्लिपचं काय झालं.

त्यांनी टाकीजवळच्या मावशींना फोन लावला. घंटा वाजली आणि कट झाला. पुन्हा लावला. पुन्हा कट. ऑफिसचा नंबर पाहून मावशी फोन तोडत होत्या, हे बाईंच्या पहिल्यांदाच लक्षात आलं. आजवर त्यांना वाटायचं की तिकडे नेटवर्क खराब आहे. मावशींचा फोन साधा, बटणांचा. ग्रुपवरचा निरोप त्यांच्यापर्यंत जायचा प्रश्नच नव्हता. बाईंनी पर्स उचलली. साहेबांनी दारातून विचारलं कुठे निघालात. "स्लिप आणायला," बाई म्हणाल्या, आणि साहेबांनी कौतुकाने मान हलवली.

बस मिळाली तर ती प्रत्येक थांब्यावर थांबत होती. थांबेच ते, बस दुसरं काय करणार, पण बाईंना त्या ड्रायव्हरचा जन्मभराचा राग आला. दोन थांबे आधीच उतरून त्या चालत सुटल्या. बिल्डिंगच्या मागे वळल्या तेव्हा आधी आवाजच भेटला. घर्रर्र, घर्रर्र, टक्.

दोन वाजायला आले होते. खोलीत पडदा ओढलेला, चटयांवर नऊ मुलं झोपलेली, कोणी आडवं, कोणी तिरकं, एक जण दुसऱ्याच्या पायावर डोकं ठेवून. मावशी दारात बसून बारक्या बारक्या चपलांच्या जोड्या लावत होत्या. साठीच्या, जाड भिंगांचा चष्मा, कपाळावर आठी. बाईंना पाहून त्या उठल्या आणि दार अडवल्यासारख्या उभ्या राहिल्या.

"आत या, पण आधीच सांगते, स्लिप झालेली नाही. मागच्या पानावरच्या दोन ओळी राहिल्यात."

"स्लिपसाठी नाही आले."

मावशींचा चेहरा उतरला. "मग? कोण गेलं?"

बाई आत गेल्या आणि भिंतीपाशी थांबल्या. खिळ्याला पत्रकं लटकवली होती, पहिल्यापासून आतापर्यंत, सगळी. त्यांनी एक उचलून पाहिलं. ओळीओळीखाली पेन्सिलीची रेघ. कडा बोटांनी काळवंडलेल्या. सगळ्यात खालच्या कागदावर 'चमचा नको'च्या खाली दोन रेघा, आणि समासात वेड्यावाकड्या अक्षरात: कुशीवर. बाई ते अक्षर बघत राहिल्या. एवढ्या वर्षांत त्यांनी आपलं लिहिलेलं असं वापरलेलं कधी पाहिलं नव्हतं. मावशी मागून ओशाळून सांगू लागल्या की त्यांना भरभर वाचता येत नाही. रोज दुपारी मुलं झोपली की दोन ओळी. आणि वाचून संपल्याशिवाय 'वाचला' म्हणून सही कशी करायची, ते खोटं होईल. म्हणून उशीर होतो. चिडू नका.

"मावशी," बाई म्हणाल्या, "तुम्ही त्या मदतीच्या नंबरवर फोन केला होता. तीनदा."

मावशी एकदम खाली बसल्या. त्यांना वाटलं पंपवाल्याने तक्रार केली. त्या भल्या माणसाला फार त्रास दिला हो मी, असं त्या सांगायला लागल्या. पण आकडे तेच लावत होते, तरी तिथेच जायचा, म्हणजे माझेच डोळे काहीतरी भलतं वाचतायत. शनिवारी चष्म्याच्या दुकानात जाऊन डोळे तपासून आले, तो म्हणाला नंबर वाढलेला नाही, पण मला काही त्याचा भरवसा वाटला नाही.

"तुमचे डोळे चांगले आहेत. आकडा मी चुकवला."

मावशींनी नीट बघितलं, खरंच म्हणतेय का म्हणून. मग हळूहळू त्यांचे खांदे खाली आले.

"ऑफिसात का नाही कळवलंत? माझा नंबर होता ना तुमच्याकडे."

मावशींनी एक चप्पल उचलून तिच्या जोडीशेजारी ठेवली. "केला असता. पण तुम्ही आधी स्लिप मागितली असती."

टोमणा नव्हता त्यात. आज ऊन आहे म्हणावं तसं म्हणाल्या. 

मुलगी कोपऱ्यातल्या चटईवर होती, भिंतीकडे तोंड करून, झोपेतही मुठी आवळलेल्या. मावशींनी उशीखालून वही काढली. तारीखवार लिहिलं होतं: काय दिसलं, कुठे, मूल काय म्हणालं ते त्याच्याच शब्दांत. घरच्यांना जाब विचारलेला नव्हता, पोरीला खोदून विचारलेलं नव्हतं. पत्रकात होतं अगदी तसं. एकूण एक गोष्ट बरोबर केली होती मावशींनी. फक्त जिथे बाईंवर भरवसा ठेवायचा होता तिथे त्या फसल्या होत्या.

बाईंनी आपल्या मोबाइलवरून नंबर लावला, चौसष्टवाला, मावशींना दाखवून, एकेक आकडा मोठ्याने म्हणत. पलीकडे खरोखरच मदतकेंद्र निघालं. मावशींनी वही बघत सांगितलं, बाई फक्त फोन धरून होत्या. पलीकडच्या कार्यकर्तीने विचारलं, मुलगी आत्ता सुरक्षित आहे ना, न्यायला कोण येतं, किती वाजता. आई, पाचला. आम्ही चारपर्यंत पोचतो, असं ती म्हणाली.

दोन वाजून वीस मिनिटं. आता बसायचं.

मुलं एकेक करून उठली. मावशींनी तोंडं पुसली, दूध दिलं. बाईंना काही काम देईनात, कारण त्यांनी दोन कप उलटे ठेवले आणि एका पोराला दुसऱ्याचा शर्ट घातला. त्या मग भिंतीला टेकून बसल्या आणि पाय सुरू झाला. तीन. सव्वातीन. घर्रर्र, टक्. आई लवकर आली तर? कार्यकर्ती पत्ता चुकली तर? पत्ता बरोबर सांगितला का? चार वाजले, कोणी आलं नाही. चार वाजून दहा. बाई दारापर्यंत जाऊन आल्या. परत बसल्या. तेवढ्यात ती मुलगी सरकत सरकत जवळ आली. काही बोलली नाही. बाईंच्या हलणाऱ्या गुडघ्याकडे तिने बराच वेळ पाहिलं आणि मग आपला तळहात त्यावर दाबून धरला, झाकण दाबावं तसा. पाय थांबला. तिने हात काढून बघितला, पाय सुरू. पुन्हा दाबला, बंद. असं तिने पाच-सहा वेळा करून पाहिलं. हसली नाही, पण सोडलंही नाही.

चार पंचविसाला दोघी आल्या, एक कार्यकर्ती आणि एक नर्स. उशिराबद्दल माफी मागून मुलांत जाऊन बसल्या, पाहुण्या आल्यासारख्या. पाचला आई आली. कार्यकर्तीने तिला बाजूच्या खोलीत नेलं आणि दार लोटलं. पंधरा मिनिटं आतून काहीच ऐकू येईना, आणि मग रडण्याचा आवाज आला. तो भांडणाचा नव्हता. कोणीतरी विचारील म्हणून वाट बघत बसलेल्या माणसाला एकदाचं विचारल्यावर जसा फुटतो, तसा होता. घरात मारणारा एकच होता, आणि आईच्या दंडावरही त्याच खुणा होत्या. संध्याकाळी मायलेकी घरी गेल्या नाहीत. नर्सबरोबर आधी दवाखान्यात आणि तिथून मुलीच्या आजोळी. पुढचं काम सोपं नाही, असं कार्यकर्तीने जाताना स्पष्ट सांगितलं. पण पोर आज तिथे झोपणार नव्हती.

सगळे गेल्यावर मावशींनी पत्रक खिळ्यावरून काढलं. उलटलं, शेवटच्या दोन ओळींवरून बोट फिरवलं, ओठ हलवत वाचल्या. मग शेचाळीस खोडून त्यावर चौसष्ट लिहिलं, टिंबटिंब रेघेवरून कागद जपून फाडला आणि सही केलेली स्लिप पुढे केली.

"झालं आता," त्या म्हणाल्या. "घ्या. तक्ता अडला होता ना तुमचा."

बाईंनी ती घेतली. फायलीत नाही लावली. पर्सच्या आतल्या कप्प्यात, घराच्या किल्लीबरोबर ठेवली. ती अजून तिथेच आहे.

दुसऱ्या दिवशी दहा वाजता पहिला फोन त्यांनी पंपवाल्यांना केला. "बोला. मोटर की पंप?" त्या म्हणाल्या, फोन करणाऱ्या बाई भेटल्या, पोर ठीक आहे. पंपवाल्यांनी लगेच मोटरचा पत्ता विचारला. हातासरशी बेअरिंग घालून येतो म्हणाले, आणि हेही की पुन्हा कुणाचा तसा फोन आला तर खरा नंबर द्यावा म्हणून तो सांगून ठेवा. बाईंनी सांगितला. त्यांनी दुकानाच्या भिंतीवर खडूने लिहून घेतला आणि परत वाचून दाखवला. नवरा, साहेब आणि एकशे एकोणचाळीस सह्या यांच्यापेक्षा त्या माणसाने तो जास्त नीट वाचला.

साहेब तक्त्यापाशी येऊन विचारून गेले, आणली का ती स्लिप, शंभर टक्के लिहू का. बाई म्हणाल्या, एकही टक्का लिहू नका, अजून कोणी काही वाचलेलं नाही. साहेबांना ते समजलं नाही. खडू तसाच हातात धरून ते केबिनमध्ये गेले.

मग बाईंनी यादी पुढे ओढली आणि वरून सुरुवात केली. पहिलं नाव बंगल्यातल्या मॅडमचं.

"स्लिप दिलीय हो मी," मॅडम हॅलोच्या आधी म्हणाल्या. "डिसेंबरपर्यंतची दिलीय."

"माहीत आहे. कागद घ्या समोर. पेन्सिल घ्या. मी थांबते."

"आत्ता?"

"आत्ता. आणि तुमच्याकडे मुलं किती, ती कशी आहेत, तेही सांगा. मला वेळ आहे."

पलीकडे कागद शोधण्याची खसफस सुरू झाली. ड्रॉवर उघडला, लागला, दुसरा उघडला. पत्रक काही सापडेना. बाई रिसीव्हर खांद्याशी धरून थांबल्या. यादीत अजून एकशे अडतीस नावं होती, खिडकीत ठेवलेला पेनांचा डबा मामांनी अजून परत आणला नव्हता, आणि टेबलाखाली पाय भरधाव सुटला होता.